फलाफलवरचा राग

मीनाक्षी चौबळ यांनी गुरुवारी सकाळी सव्वासात वाजता, तव्यावरची पोळी उलटवता उलटवता जाहीर केलं, की आज संध्याकाळच्या आत दुबई मरीनातलं एक हॉटेल बंद पडणार!

"विच वन, मम्मा?" पर्णिकानं मोबाईलमधून डोकं वर न काढता विचारलं.

"ते इस्रायली! पावात वांगं कोंबून विकतात ते!"

पर्णिकानं डोकं वर काढलं. आईच्या हातात उलथनं होतं आणि ते तलवारीसारखं धरलेलं होतं. अशा वेळी प्रश्न विचारायचे नसतात, हे तिला वयाच्या तिसऱ्या वर्षापासून ठाऊक होतं.

रागाला कारण होतं. मीनाक्षीबाईंचा शारजात डब्यांचा व्यवसाय. अकरा वर्षं दर गुरुवारी मरीनातल्या एका शिपिंग ऑफिसला त्यांच्याकडून पस्तीस माणसांचं जेवण जायचं. पाऊस पडून रस्ते तुंबले तेव्हाही गेलं, मीनाक्षीबाईंच्या पायाला प्लास्टर होतं तेव्हाही गेलं. आणि काल संध्याकाळी त्या ऑफिसच्या फेलिक्सचा दोन ओळींचा मेसेज आला: 'ताई, या आठवड्यापासून जरा चेंज ट्राय करतोय. सॉरी.' शेवटी हात जोडलेले!

फेलिक्स तुस्कानो वसईचा. ऑफिसची सगळी व्यवस्था त्याच्याकडे. मीनाक्षीबाईंनी त्याला सात फोन केले, त्यानं एकही उचलला नाही. मग त्यांनी रिसेप्शनवरच्या व्हिवियनला बोलतं केलं. तिनं सांगितलं, "बिल्डिंगच्या खालीच नवीन इस्रायली जॉइंट उघडलाय ना, तिकडून मागवणार. फलाफल, साबीख वगैरे. सगळे एक्सायटेड आहेत!"

एक्सायटेड! हा शब्द मीनाक्षीबाईंना रात्रभर डासासारखा चावत राहिला. अकरा वर्षांत त्यांच्या वांग्याच्या भाजीनं कुणी एक्सायटेड झालं नव्हतं.

"फलाफल म्हणजे काय गं? काबुली चण्याचा वडा! वडा! आणि वडा कसा तळायचा ते मला शिकवणार हे लोक? मी आज जाते, खाते, त्यांच्या तोंडावर चुका काढते आणि फेलिक्सला तिथूनच फोन लावते. खलास!"

साडेअकराला त्या मरीनात पोहोचल्या. पार्किंग नव्हतं. पर्णिकानं आईला हॉटेलच्या दारात उतरवलं आणि ती गाडी घेऊन गोल गोल फिरायला गेली.

हॉटेल कसलं, आठ टेबलांची खोली! काउंटरवर हमीद नावाचा चटपटीत माणूस घामाघूम होऊन एकाच वेळी दोन फोन घेत होता. मीनाक्षीबाईंनी एक साबीख आणि एक प्लेट फलाफल मागवलं आणि भिंतीवरचा भाव वाचला. "अडतीस दिरहॅम! म्हणजे नऊशे रुपये! पावातल्या वांग्याला!" हे त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, की शेजारच्या टेबलावरच्या फिलिपिनो मुलींनी खुर्च्या सरकवून घेतल्या.

साबीख आलं. गरम, फुगीर पावाच्या खिशात तळलेलं वांगं, उकडलेलं अंडं, काकडी-टोमॅटो, तिळाची चटणी आणि वरून पिवळं काहीतरी ओघळत होतं. मीनाक्षीबाईंनी शत्रूच्या किल्ल्यात शिरावं तसा पहिला घास घेतला.

घात झाला. छान होतं!

मग दुसरा घास घेतला. त्या पिवळ्या ओघळात कैरी होती, मेथी होती, हळद होती. मीनाक्षीबाईंच्या कानशिलाची शीर ताडताड उडायला लागली.

"ये क्या है?" त्यांनी हमीदला हाक मारली.

"मॅडम, वो अंबा है. अंबा सॉस."

"अंबा? आंबा! अरे, हे आमचं लोणचं आहे! चोरांनो!"

हमीदला मराठी येत नव्हतं, पण सूर कळला. त्यानं घाईघाईनं फलाफलची प्लेट पुढे ठेवली. आणि इथं मात्र मीनाक्षीबाईंच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू उमटलं. फलाफल बाहेरून करपलेलं होतं, आतून गिचका! अर्धं तर प्लेटमध्येच विरघळून बसलं होतं. सापडला! चोर सापडला!

त्या ताडकन उठल्या, प्लेट घेऊन काउंटरवर गेल्या आणि कडाडल्या, "ये किसने बनाया? कुक किधर है?"

हमीदचा चेहरा एकदम उजळला. "आप आ गयीं! अल्लाह का शुक्र है! सुबह से राह देख रहे हैं. पुराना कुक कल छोड़ के गया. कार्ड है आपके पास?"

मीनाक्षीबाईंना वाटलं, हा आपली लायकी विचारतोय. फलाफलला नावं ठेवणारी तू कोण, तुला काय कळतं, असं! त्यांनी पर्समधून आपलं फूड हँडलरचं हेल्थ कार्ड काढलं आणि काउंटरवर असं आपटलं, की पाण्याची बाटली आडवी झाली.

"ग्यारह साल! ग्यारह साल से खिला रही हूँ!"

"माशाल्ला! तो आइए, अंदर दिखाइए कैसे बनाते हैं."

आव्हान! चौबळांच्या घरात आव्हान नाकारायची पद्धत नव्हती. हमीदनं पुढे केलेला एप्रन त्यांनी चिलखतासारखा चढवला, केसांवर टोपी घातली आणि त्या स्वयंपाकघरात शिरल्या.

आत एक ठेंगणी, करड्या केसांची म्हातारी मोठ्या कढईपुढे उभी होती. तिनं मीनाक्षीबाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं, "शो मी," एवढंच म्हणाली आणि झारा त्यांच्या हातात दिला.

"शो मी म्हणे! दाखवतेच तुला!" मीनाक्षीबाई मराठीत पुटपुटल्या. आणि एकदा पुटपुटायला लागल्यावर त्या थांबल्याच नाहीत. "तेल बघा, कोमट! यात काय आंघोळ करायचीय? आणि एका वेळी तीस-तीस सोडलेत! वडे आहेत की गणपतीची गर्दी? आणि हे वाटण! हे वाटण म्हणायचं की पाटीवर लिहिलेलं पुसायचं पाणी? या म्हातारीला कुणी कढईपुढे उभं केलं, त्याला आधी तळा!"

म्हातारी शांतपणे ऐकत होती. तिला काय कळणार!

मीनाक्षीबाईंनी वाटण फडक्यात घालून पिळलं, मूठभर काबुली चण्याचं पीठ घातलं, कोथिंबीर दुप्पट केली, आच वाढवली आणि आठ-आठचा घाणा सोडला. कढईतून जो आवाज आला, तो ऐकून हमीद दारात येऊन उभा राहिला. फलाफल बाहेर आलं ते तांबूस, टणक, आणि मोडलं तर आत हिरवंगार! हमीदनं एक तोंडात टाकलं आणि डोळे मिटले.

"यल्ला मॅडम, यल्ला! बाहर लाइन लगी है!"

लाईन खरंच लागली होती. जेवणाची वेळ झालेली. चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या येत होत्या. मीनाक्षीबाई तळत होत्या, रागावत होत्या, पुन्हा तळत होत्या. मधे फोन वाजला. "मम्मा, नो पार्किंग एनीव्हेअर! आर यू फाइटिंग?"

"हो! ठेव!"

तेवढ्यात हमीदनं एक लांबलचक चिठ्ठी आणून समोर चिकटवली. पस्तीस माणसं. वर ऑफिसचं नाव.

मीनाक्षीबाईंचा झारा हवेतच राहिला. त्यांचंच ऑफिस! त्यांची पस्तीस माणसं! आपण इथं आपल्याच शत्रूची पालखी खांद्यावर घेऊन पळतोय? रागाचा असा लोट आला, की डोळ्यापुढचं सगळं लाल झालं. त्यांनी मिठाच्या डब्यात हात घातला आणि भरगच्च मूठ उचलली. एकदाच घालायचं आणि चालतं व्हायचं. पुढच्या गुरुवारी फेलिक्स गुडघ्यांवर येईल!

मूठ वाटणावर आली. थांबली. अकरा वर्षांत या हातानं कुणाचं अन्न मुद्दाम बिघडवलेलं नव्हतं. तो हातच उघडेना! मीनाक्षीबाईंना आता स्वतःच्या हाताचाही राग आला.

"मीठ मी मघाशीच घातलंय, बाई," मागून आवाज आला. "आणि शिव्या झाल्या असतील तर पुढचा घाणा सोडा. लोक खोळंबलेत."

स्वच्छ मराठी! मीनाक्षीबाई गर्रकन वळल्या. म्हातारी टोमॅटो चिरत होती.

"तुम्हाला मराठी येतं?"

"रेवदंड्याची मी. रिव्का चेऊलकर. हे हॉटेल माझंच. आठ वर्षांची असताना आईबापाबरोबर इस्रायलला गेले. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. आमचे वाडवडील कोकणात तेलाचे घाणे चालवायचे."

"तेलाचे घाणे? आणि तेल तापलंय की नाही ते कळत नाही?"

"तेल काढायचो, बाई. तळायचो नाही!"

"मग मघापासून बोलला का नाहीत?"

"तुम्ही श्वास घ्यायला थांबलात तर बोलणार ना!"

मीनाक्षीबाईंनी मिठाची मूठ डब्यात रिकामी केली आणि कमरेवर हात ठेवले. मी कुक नाही, मी नोकरीला आले नाही, माझं गुरुवारचं ऑफिस तुम्ही पळवलंत आणि वर माझ्याचकडून तळून घेताय, हे सगळं त्यांनी एका दमात ऐकवलं. रिव्काबाईंची सुरी थांबली.

"मला खरंच माहीत नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, एजन्सीनं रागीट कुक पाठवलीय. कुक रागीट असला की हात चांगला असतो."

याच क्षणी दारात एक गृहस्थ उगवले. हातात स्वतःच्या सुऱ्यांची पिशवी. "अस्सलाम वालेकुम. मैं बदरुद्दीन. ट्रायल के लिए आया हूँ." आणि त्यांनी नम्रपणे झाऱ्याला हात घातला.

"हात लावू नका!" मीनाक्षीबाई किंचाळल्या. "घाणा आधा हुआ है! पहले प्याज काटो!"

बदरुद्दीन कांदे चिरायला बसले.

ऑर्डर भरत आली तेव्हा उशीर का झाला बघायला फेलिक्स स्वतः खाली उतरला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यानं आत पाहिलं आणि तो आल्यापावली वळला.

"फेलिक्स! इकडे ये!"

तो आला. पस्तीस माणसांचा कारभार बघणारा माणूस, पण शाळेत उशिरा पोचलेल्या मुलासारखा उभा राहिला.

"अकरा वर्षं! एक शब्द सांगता आला नाही तुला? काय वाईट होतं माझ्या जेवणात?"

"वाईट नव्हतं, ताई. पण... दर गुरुवारी तीच वांग्याची भाजी. अकरा वर्षं."

"इथं पण वांगंच आहे!"

"हो, पण दुसऱ्या रूपात!"

"मग सांगायचंस!"

"सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी म्हटलं, भाजी बदला ना जरा. तुम्ही तीन आठवडे फक्त वरण-भात पाठवलात, आणि डब्यावर चिठ्ठी: 'घ्या बदल!' त्यानंतर ऑफिसात कुणाची टाप नाही झाली. माझी तर नाहीच."

बदरुद्दीन यांनी कांद्यात डोकं खुपसलं. हमीदला शब्द कळले नाहीत, पण त्यानंही मान खाली घातली. मीनाक्षीबाईंनी बोलायला तोंड उघडलं. खूप काही होतं ओठांवर. पण फेलिक्स खोटं बोलत नव्हता, आणि खरं बोलणाऱ्यावर ओरडायचं कसं, हे त्यांना नीट जमत नव्हतं.

"घेऊन जा," त्या शेवटी म्हणाल्या. "गार होतंय."

गर्दी ओसरली. रिव्काबाईंनी दोन पाव कापले, वांगं भरलं, आंबा जरा जास्तच ओतला आणि मागच्या पायरीवर मीनाक्षीबाईंच्या शेजारी येऊन बसल्या. दोघी खात राहिल्या. समोर पाण्यात श्रीमंतांच्या बोटी डुलत होत्या.

"आई गेल्यापासून मला मराठीत कुणी रागावलंच नव्हतं," रिव्काबाई म्हणाल्या. "मुलांना येत नाही, नवऱ्याला यायचं नाही. आज तुम्ही मला म्हातारी म्हणून झापलंत ना, बरं वाटलं हो. उद्या पण येऊन रागवाल?"

मीनाक्षीबाई पाणी प्यायल्या, मग त्यांनी उगीचच एप्रन झटकला.

"उद्या नाही. उद्या माझे चाळीस डबे आहेत," त्या गुरगुरल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "गुरुवारी येते. तळणं माझं, बाकी तुमचं. आणि ते तेल तेवढं बदलून ठेवा! शी!"

तीन वाजता पर्णिकाची गाडी दाराशी लागली. मीनाक्षीबाई आत बसल्या आणि त्यांनी धाडकन दार लावून घेतलं.

"मम्मा, डिड यू फाइट विथ देम?"

"भांडले म्हणजे! असं झापलं सगळ्यांना, की विचारू नकोस!"

"सो, हू वन?"

मीनाक्षीबाईंनी हनुवटीवरचा अंबा रुमालानं पुसला.

"पुढे बघून चालव!" त्या खेकसल्या.