शेटची गाडी कोणी पळवली

"आमच्या रक्तातच पेट्रोल आहे हो," गणेशपुरीत जीवनरावांच्या ओटीवर पाय पसरून बसत विशाल म्हणाला.

आता रक्तात पेट्रोल असलेल्या माणसाला निदान चारचाकी चालवता यावी, एवढी माफक अपेक्षा कोणीही करेल. विशालला ती चालवता येत नव्हती. भिवंडीत टेमघरच्या घरापासून गोदामापर्यंत तो स्कूटरवर जायचा, आणि उजवीकडे वळायचं असलं तर स्कूटर थांबवून, खाली उतरून, मागे बघून मगच वळायचा. पण वेळच तशी आली होती. गोदामात तो डिस्पॅचला आणि दिशा बिलिंगला. दोघांचं जमून वर्ष झालं होतं आणि आता सगळं अडलं होतं ते दिशाच्या वडलांपाशी.

जीवनरावांचं गणेशपुरीत गॅरेज होतं आणि दारात एक काळी फियाट होती. त्या फियाटला ते रोज सकाळी पुसायचे, दसऱ्याला हार घालायचे आणि एरवी कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. दिशासाठी आलेलं मागचं स्थळ त्यांनी एवढ्यासाठी मोडलं, की मुलानं त्या गाडीचं दार धाडकन लावलं होतं. "जो गाडीच्या दाराशी असा वागतो, तो माझ्या पोरीशी कसा वागेल?" असा त्यांचा सवाल होता.

म्हणून विशालनं हुकमाचं पान टाकलं. "आमचा आजा, राघो, मोटारीच्या शर्यतीत पहिला आला होता. फोटो आहे घरी."

जीवनरावांच्या हातातला कप बशीवर टेकला. "कुठली गाडी? कुठली शर्यत? साल कोणतं?"

"ते... बघावं लागेल."

"मग बघूच. रविवारी आम्ही टेमघरला येतो. तसलं घराणं असेल तर मला दुसरं काही विचारायचं नाही."

दिशानं दाराआडून विशालकडे असं बघितलं, की त्याला घाम फुटला.

खरं सांगायचं तर ही थाप नव्हती. निदान अख्खी नव्हती. विशालला लहानाचं मोठं केलं ते त्याच्या आत्यानं, गुणाबाईनं, आणि ही गुणाबाई राघोची मुलगी. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत नऊवारीच्या घडीत तो फोटो खरोखर होता. बिनटपाची मोटार, स्टीअरिंगमागे धोतर नेसलेला राघो, डोळ्यांवर गॉगल, तोंड उघडं, एक हात हवेत, मागे धुळीचा लोट आणि टाळ्या पिटणारी माणसं. गुणाबाई तो दाखवताना दर वेळी एकच वाक्य बोलायची, "आबानं शेटची गाडी पळवली. पयला नंबर आला." याच्यापुढे कोणी काही विचारलं नव्हतं. मोटार आहे, शर्यत आहे, पहिला नंबर आहे, अजून काय पाहिजे?

रविवारी फियाट टेमघरच्या गल्लीत शिरली ती भर उन्हात हेडलाइट लावून. लोकांनी बघावं, म्हणून. जीवनराव उतरले, त्यांच्या पत्नी सुकन्याताई उतरल्या, दिशा उतरली, आणि विशालनं पुढे होऊन तिन्ही दारं इतकी हळू लावली की एक उघडंच राहिलं.

चहा येण्याआधीच जीवनरावांनी खिशातून भिंग काढलं. फोटो खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ नुसते हं हं करत राहिले.

"मॉरिस," ते शेवटी म्हणाले. "झकास गाडी. पण विशाल, सायलेन्सरमधून धूर दिसत नाही."

"आजोबा चांगलं पेट्रोल वापरायचे."

"आणि हातात काय आहे त्यांच्या?"

विशालनंही भिंगातून बघितलं. हवेतल्या हातात काठी होती. चांगली लांब काठी. "झेंडा असेल. कापड वाऱ्यानं उडालं असेल."

"बॉनेटपाशी ही दोरी कसली? इथून निघते आणि फोटोच संपतो. ही कड बघ, कात्रीनं कापलीय." जीवनरावांच्या आवाजात आता शंका नव्हती, नुसतं कुतूहल होतं. पोरगं नवीन खेळणं उघडतं तसे ते त्या फोटोत शिरले होते. "आणि मागच्या सीटवर ही टोपी. तुर्की टोपी. टोपी आहे, पण टोपीखाली माणूस नाही!"

विशालनं त्या फोटोत आजवर फक्त आजा बघितला होता. आता त्यालाही प्रश्न पडायला लागले, आणि होऊ घातलेल्या जावयाला प्रश्न पडणं काही बरं नाही.

तेवढ्यात गुणाबाई चहा घेऊन आली. तिला ऐकू कमी यायचं, पण आपल्या बापाच्या फोटोवर बोलणं चाललंय हे समजायला कान लागत नाहीत. ट्रे ठेवला आणि अभिमानानं म्हणाली, "आमच्या आबानं शेटची गाडी पळवली ना."

सुकन्याताईंचा हात साखरेच्या डब्यावरच राहिला. "पळवली?"

"हां. भर बाजारातून. सगली भिवंडी बघत व्हती."

"अगं बाई. आणि पोलीस?"

"पोलीस व्हते ना. शिट्ट्या मारत मागं धावलं. पन आबा कवा सापडतंय?"

सुकन्याताईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा भिंगात होता. त्यांनी आवाज चढवला. "मग गाडी परत केली की नाही?"

"परत कशाला? बक्षीस घेऊनच घरी आला."

"बक्षीसही घेतलं?" सुकन्याताई उठल्याच. "अहो, ऐकलंत का? दिवसाढवळ्या गाडी चोरली आणि वर बक्षीस. दिशा, चप्पल घाल."

"आई, पळवली म्हणजे तसं नाही," विशाल पहिल्यांदाच त्यांना आई म्हणाला, आणि ही ती वेळ नव्हती.

"मग कसं?"

कसं ते विशालला तरी कुठे माहीत होतं? त्यानं आत्याच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडला, "आते, शेट कोण? कोणाची गाडी?"

"मोहिउद्दीनच्या आज्याची. दुसरा शेट कोन व्हता तवा?"

मोहिउद्दीनशेटच्या लूमचा माल विशालच्याच गोदामातून जायचा. नंबर मोबाईलमध्ये होता. दिशानं डोळ्यांनीच सांगितलं, लाव. त्यानं लावला.

"मोहिउद्दीनभाई, एक विचारायचं होतं. तुमच्या आजोबांची मोटार कधी चोरीला गेली होती का? राघोनं... म्हणजे माझ्या आजोबांनी?"

पलीकडे लूमचा खडखडाट चालू होता. त्यावरून ओरडून मोहिउद्दीन म्हणाला, "राघो? माझे दादा, म्हणजे आजोबा, म्हणायचे, टोपी राघोच्या फोटोत राहिली. तो मोटारचा फोटो आहे का तुमच्याकडे?"

"टोपी आहे. माणूस नाही."

"या अल्ला. हलू नका कोणी. मी आलोच."

आला तो लुंगीवरच, शेडवरून सरळ. काखेत कोऱ्या कापडात गुंडाळलेली फ्रेम. बसायच्याही आधी म्हणाला, "बचपनपासून माझ्या डोक्यात एक सवाल आहे. आम्ही कापडवाले. घरात कधी साधी शेळीही पाळली नाही. मग आमच्या दिवाणखान्यात हे का?"

त्यानं कापड काढलं. फ्रेममध्ये दोन खिल्लारी बैल होते. शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरं, पुढचे पाय हवेत. जोखडापासून मागे ताणलेली दोरी निघाली होती आणि फ्रेमच्या लाकडात गडप झाली होती.

"दादा मरेपर्यंत रोज या बैलांना सलाम करायचे," मोहिउद्दीन म्हणाला. "का, ते कधी सांगितलं नाही. म्हणायचे, बेटा, जान वाचवली यांनी, आणि इज्जतही."

जीवनरावांनी फोटो उचलला आणि हळूच फ्रेमच्या शेजारी टेकवला. दोरीला दोरी मिळाली.

मोटार. मोटारीत राघो. राघोच्या हातात काठी. आणि मोटारीच्या पुढे बैल.

"अगो, मंग मी काय सांगते केव्हाची?" गुणाबाई वैतागली. "आबाचं बैल शर्यतीचं. शेटची मोटार शर्यतीत नदीच्या रेतीत रुतली. बाकीच्यांच्या पन रुतल्या. आबानं बैल बांधलं आन भर बाजारातून पळवली. गाडी काय सोताहून पळते व्हय? शेट भिऊन खाली बसला, त्याची ती टोपी. पोलीस गर्दी सारायला धावत व्हते. शर्यतीच्या कायद्यात इतकंच व्हतं का गाडी पयली आली पायजे. शेटला कप, बैलांना पेंडीचं पोतं."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?" विशाल ओरडला.

"तू इचारलंस कवा?"

"पण फोटो कापला का?" दिशानं विचारलं. इतक्या वेळात खरा प्रश्न तिनंच विचारला.

"एकच निघाला व्हता. मंग फोटोवाल्याची काच फुटली, दुसरी परत निघंना. आबाला मोटारीची हौस, जल्मात दुसऱ्यांदा कुठं बसनार व्हता? आन शेट म्हनं, मोटार नको माझ्या नजरंसमोर, मला बैल दे."

म्हणजे ज्याची गाडी त्यानं बैल नेले आणि ज्याचे बैल त्यानं गाडी नेली. मोहिउद्दीन हसता हसता खाली बसला. सुकन्याताईही हसल्या, चोरीचा ठपका गेल्यामुळे की काय कोण जाणे.

हसले नाहीत ते जीवनराव. भिंग खिशात गेलं. "म्हणजे इंजिन बंद होतं."

"हो," विशाल म्हणाला. आता लपवून काय उपयोग? "आणि मला चारचाकी चालवता येत नाही. तेही सांगून टाकतो."

"मी मोटारवाला समजून आलो होतो," जीवनराव उठले. "बैलानं मोटार ओढण्याला मी शर्यत म्हणणार नाही. चला."

दिशाचे डोळे भरून आले. विशालला वाटलं, आजा असता तर काहीतरी बांधून वेळ मारून नेली असती. आपल्याजवळ बांधायला काही नाही. तो मुकाट्यानं त्यांच्यामागे गल्लीत गेला आणि दोन दारं हळू, पण यावेळी नीट लावली.

जीवनरावांनी चावी फिरवली. फियाट खोकलीसुद्धा नाही.

हेडलाइट तेव्हापासून चालूच होते. बॅटरी पार बसली होती.

"ढकलूया," मोहिउद्दीननं लुंगी खोचली. गल्लीतली चार माणसं पुढे आली.

"हात लावू नका," जीवनराव खिडकीतून ओरडले. "कालच पॉलिश केलंय. ठसे उठतील." टेम्पोवाला दोर घेऊन आला, त्यालाही परत पाठवला. टेम्पोच्या झटक्यानं म्हणे बंपर हातात येतो.

ऊन तापत होतं. गाडी तापत होती. जीवनराव तर कधीचे तापले होते. आणि विशालच्या डोक्यात पहिल्यांदाच आजा नीट शिरला. तो वाकून म्हणाला, "बाबा, ठसे उठणार नाहीत आणि झटकाही बसणार नाही असं एक आहे. पण तुम्ही त्याला शर्यत म्हणणार नाही."

शेजारच्या लडकूची जोडी गोठ्यातच होती. जीवनरावांनी गल्लीकडे बघितलं, उन्हाकडे बघितलं, आणि मान फिरवून पुटपुटले, "पण हळू."

हळू म्हणाले खरे. लडकूचे बैल शर्यतीचे. त्यांना हळू चालणं कोणी शिकवलंच नव्हतं. दोरी बांधली, लडकूनं नुसतं चक केलं, आणि फियाट टेमघरच्या गल्लीतून अशी सुटली की कोंबड्या पत्र्यावर चढल्या. जीवनरावांचं तोंड उघडं, एक हात खिडकीबाहेर, "थांबव, थांबव" करत. मागे धूळ. दोन्ही बाजूंना टाळ्या पिटणारी माणसं. सुकन्याताई भिऊन सीटखाली बसल्या होत्या. काचेतून दिसत होता तो त्यांचा गजरा तेवढा. विशाल शेजारून धावत होता. नाक्यावर गाडीनं एक आचका दिला आणि इंजिन घुरघुरलं.

दिशा गाडीत बसलीच नव्हती. तिनं मोबाईल खाली केला आणि चालत नाक्यावर आली.

"काढलास?" जीवनरावांनी धाप टाकत विचारलं.

"काढला."

ते स्टीअरिंगवरची धूळ पुसत राहिले. मग आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, "बैल नको ठेवूस त्यात. नुसती गाडी ठेव."

"ठेवते की," दिशा म्हणाली. "कापून देते. पण आधी विशालचं काय ते सांगा. नाहीतर तुमच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर अख्खा टाकते."

लग्न वैशाखात झालं. फियाट दिशानं चालवली.

आता गणेशपुरीच्या गॅरेजात मोठ्या फ्रेममध्ये जीवनरावांचा तो फोटो आहे. धूळ, टाळ्या, उघडं तोंड आणि भरधाव काळी गाडी. गिऱ्हाइकानं वेग विचारला तर ते नुसते हसतात. बैलांची अर्धी बाजू टेमघरला गुणाबाईच्या ट्रंकेत आहे. कोणी आलं की ती काढते आणि अभिमानानं सांगते, "आमच्या व्याह्यानं गाडी पळवली."

"कोणाची?" पाहुणे घाबरून विचारतात.

"सोताचीच."