विहिरीतील उडीच्या चित्रपटाची बखर

जिच्या कृपेने मुक्यास बोल फुटतो आणि बोलक्यास थांबणे कळते, त्या वाग्देवीस वंदन करून, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, फाल्गुन मासीचे वर्तमान लिहिले जाते ते ऐसे. बाळांनो, घटकाभर डोळे मिटावे आणि मनी आणावे की, सातवी इयत्ता हे एक राज्य आहे, बाकांच्या रांगा हे त्याचे परगणे आहेत, फळ्यावर पांढरी चादर टांगली आहे, खिडक्यांस सतरंज्या लावून भरदुपारी अंधार केला आहे आणि सारी रयत श्वास रोखून बसली आहे.

त्या राज्यी तुषारराव घोलप म्हणून मोठे हौशी सरदार होते. त्यांची धाकटी बहीण पमी हिने विहिरीत पहिली उडी घेतली, तिचा चित्रपट त्यांनी मामाच्या फोनावर सिद्ध केला आणि तालुक्याच्या स्पर्धेस धाडण्यापूर्वी दरबारी दाखविला. पमी काठावर उभी राहिली, पाठीस तेलाचा रिकामा डबा बांधलेला, आणि तिने उडी घेतली. मग ढोल वाजले आणि तिने तीच उडी पुन्हा घेतली. मग विजा कडाडल्या आणि तिसऱ्यांदा घेतली, जैशा मालिकांतील सासूबाई तीनदा मान वळवितात तैशी. दरबारी हशा पिकला. प्रणवराव काळभोर, जिभेचे तिखट, म्हणाले, “अरे, ही वर येते कधी? विहिरीला लिफ्ट आहे का?” मग हशा दुणावला, आणि तुषाररावांचा चेहरा उतरला, आणि चित्रपट कायमचा पुसून टाकावा म्हणून त्यांनी फोन हाती घेतला.

शेजारी त्यांच्या स्नेही गार्गीबाई शेटे बसल्या होत्या. त्यांचे मनी आले की, छान म्हणावे तर लबाडी होते, वाईट म्हणावे तर पमीची उडी जन्माची जाते. मग त्यांनी तुषाररावांचा हात धरिला आणि दरबारच्या स्वामिनी देसाईबाई यांची आज्ञा घेऊन विचारिले, “उडीच्या आधी तिच्या पायाची बोटं दिसतात ना? दगडाला घट्ट धरलेली?”

“ते चुकून आलंय.”

“मी तिथंच बाक घट्ट धरला. पण ते लगेच गेलं. आणि तीच उडी परत आली तेव्हा माझी भीतीच गेली. कळलं ना, की हिला काही होत नाही.”

तुषारराव फणकारले की, ढोल नको, विजा नको, मग राहिले काय?

“पमी राहिली,” गार्गीबाई म्हणाल्या.

मग तुषाररावांनी फोन खाली ठेविला, आणि मधल्या सुटीत उभयता मसलतीस बसली, आणि ढोल गेले, विजा गेल्या, उडी एकच राहिली, आणि बोटे मात्र पडद्यावर इतकी थांबविली की प्रणवराव डबा खाता खाता डोकावून गेले.

दुसरे दिवशी पुन्हा दरबार भरला. बोटे दिसली आणि कोणी हलेना. पमीने उडी घेतली, पाणी मिटले, विहिरीत कुठेसे पारवे घुमत राहिले, आणि रयत बाकांवरून पुढे वाकली. मग डबा वर आला आणि मागाहून पमी, नाक शिंकरीत. तेव्हा सारे राज्य उठून उभे राहिले, सर्वांआधी बाक बडविला तो प्रणवरावांनी, आणि देसाईबाईंनी चित्रपट तालुक्यास रवाना करण्याचा हुकूम दिला.

त्या जल्लोषातून वाट काढीत तुषारराव थेट गार्गीबाईंपाशी आले आणि म्हणाले, “अजून काय खटकलं? खरं सांग.”

“शेवटी तुझं नाव चार वेळा येतं. पमीचं एकदाही नाही.”

मग तुषारराव तेथेच फरशीवर बसले आणि फोन मांडीवर घेऊन लिहू लागले. एवंच, त्या राज्यी मोठी फत्ते जाहली, आणि पडद्यावर पहिले नाव लागले ते ‘पमी घोलप, इयत्ता पहिली’ ऐसे.