साडेचार मार्कांची टिप

घरपोच जेवण आणून देणाऱ्याला टिप किती द्यावी, या प्रश्नानं भल्याभल्यांना घाम फुटतो. मला नाही. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, गठ्ठेच्या गठ्ठे पेपर तपासले. ज्यानं जसं काम केलं त्याला तसं द्यावं, यात एवढं डोकं खाजवण्यासारखं काय आहे? लोक खिशात हात घालतात आणि हाताला लागेल ते देतात, नाहीतर कानकोंडे होऊन दार लावून घेतात. मी मार्क देतो. दहापैकी.

पद्धत अगदी सोपी आहे. आमच्या दाराशेजारी चिल्लरची वाटी असते. त्यातलं मोठं नाणं म्हणजे एक मार्क, छोटं म्हणजे अर्धा. येणारा माणूस दहाच्या दहा मार्क घेऊन जिना चढतो, असं मी धरून चालतो. मग कापायला लागतो. आणि नुसती टिप हातावर टेकवून मोकळा होत नाही हं. कुठे किती कापले ते नीट समजावून सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी सुधारणा व्हावी. सुधारणा किती झाली ते मात्र कळायला मार्ग नाही, कारण एकदा आलेला माणूस सहसा आमच्याकडे दुसऱ्यांदा येत नाही. इमारतीत मला पाठीमागे 'अर्धा मार्क' म्हणतात. म्हणोत बापडे.

तर त्या रविवारी आमच्या लेकीचे होणारे सासूसासरे पहिल्यांदा जेवायला येणार होते. लग्न पोरांनी आपापसात ठरवलं होतं, मुलगाही आम्हाला पसंत होता, पण आईवडिलांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. विहीणबाईंनी फोनवर बायकोला सांगितलं होतं, "थाटमाट अजिबात नको. घरचं साधं जेवण करा. माणसं खरी असली की आम्हाला बाकी काही लागत नाही." बायकोनंही सांगून टाकलं, की सगळं मी माझ्या हातानं करणार आहे.

सकाळीच लेकीनं मला गॅलरीत गाठलं.

"बाबा, त्याच्या आईला खोटेपणा आणि दिखावा खपत नाही. त्यांचं मन एकदा फिरलं ना, तर तो त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही आणि मी त्याला जा म्हणणार नाही. तेव्हा आज कोणालाही मार्क द्यायचे नाहीत. वचन द्या."

"दिलं."

"पाव मार्कसुद्धा नाही."

"पाव मार्क मी कधीच देत नाही," मी म्हणालो. तिनं डोक्याला हात लावला.

आता पुढे जे झालं त्यात माझा दोष किती, ते तुम्हीच ठरवा. बायको आंघोळीला गेली आणि जाताना मला म्हणाली, "कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. शेजारी रस्सा ठेवलाय, तोही तेव्हाच उतरवा." मी पेपर घेऊन ओट्याशेजारीच बसलो. पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरी जी आली ती नुसतीच फुस्स करून बसली. ही काय शिट्टी झाली? मी धरली नाही. त्यापुढची सुरू झाली आणि मध्येच तुटली. तीही धरली नाही. नियम म्हणजे नियम. मी पूर्ण शिट्टीची वाट बघत बसलो आणि बायको ओल्या केसांनी धावत बाहेर आली तेव्हा घरभर धूर झाला होता.

"किती शिट्ट्या झाल्या?" तिनं विचारलं.

"दोन," मी म्हणालो.

कुकरच्या बुडाशी भाताचा कोळसा झाला होता आणि रश्शानं पातेल्याचा तळ असा धरला होता, की उलथन्यानंही सुटेना. पाहुणे यायला तासभर उरला होता. बायको स्टुलावर बसली आणि डोळे पुसायला लागली. ती सहसा रडत नाही, त्यामुळे माझी पाचावर धारण बसली. लेकीनं मात्र सरळ फोनवरून जेवण मागवलं. आलं की आपल्या पातेल्यांत ओतायचं, डबे माळ्यावर टाकायचे, आणि तोंड बंद ठेवायचं, असं ठरलं. मला एकच काम दिलं. दार उघडायचं आणि डबे घ्यायचे.

बेल वाजली. पुन्हा लगेच वाजली. मी दार उघडलं. समोर लाल जॅकेट, डोक्यावर काळ्या काचेचं हेल्मेट आणि दोन्ही हातांत आमच्या जेवणाच्या पिशव्या. माणूस धापा टाकत होता.

"नमस्कार. मी..." हेल्मेटमधून आवाज आला.

"ते कळलं," मी पिशव्या घेत म्हणालो. "केवढा उशीर? इथे आमचा जीव टांगणीला लागलाय. लेकीच्या सासरची माणसं येतायत, त्यांना घरचं जेवण म्हणून सांगितलंय, आणि ती येऊन ठेपली तरी तुमचा पत्ता नाही. त्यांनी हे डबे पाहिले असते म्हणजे पोरीचं लग्नच मोडलं असतं."

हेल्मेट जरा कललं. "असं होय," ते हळूच म्हणालं.

आता खरं तर मी दार लावायला हवं होतं. पण हात आपोआप वाटीत गेला. इतक्या वर्षांची सवय, वचन दिलं म्हणून जाते थोडीच?

"उशिराचे दोन कापले," मी सुरुवात केली. "पिशवी खालून ओली आहे, एक गेला. बेल दोनदा वाजवलीत, अर्धा. आणि हे काय? एका बुटाला काळी नाडी आणि दुसऱ्याला तपकिरी? नीटनेटकेपणाचा अर्धा."

"अहो, लिफ्ट बंद आहे. चार मजले चढून आणलंय."

"जिना सगळ्यांना सारखाच असतो."

"तरी पण उन्हातान्हात गाडी हाकणाऱ्या माणसाला जरा बरी टिप द्यावी हो. पोट असतं त्यांनाही."

'त्यांनाही' काय? हा स्वतःबद्दल असं परक्यासारखं का बोलतोय, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मला फक्त एवढंच दिसलं, की परीक्षार्थी परीक्षकाशी हुज्जत घालतोय.

"उलट बोलल्याचा दीड," मी म्हणालो. "राहिले साडेचार." आणि चार मोठी, एक छोटं अशी नाणी त्याच्या हातावर ठेवली.

त्यानं ती मुठीत घेतली आणि तो जिना उतरून गेला.

आत आम्ही तिघं पिशव्यांवर तुटून पडलो. भात पातेल्यात गेला, रस्सा कढईत, भाजी काचेच्या भांड्यात. गोडाचा डबा मात्र सापडेना. "बघ," मी लेकीला म्हणालो, "आणखी एक मार्क कापायला हवा होता." तेवढ्यात पाहुणे आले.

विहीणबाई उंच, ताठ आणि नजर अशी, की त्यांच्या वर्गात कोणी कॉपी करूच शकलं नसतं. त्यांच्या हातात केक होता. "घरीच केलाय," त्या म्हणाल्या. "बाहेरचं आम्हाला चालत नाही." मागून मुलगा आला, आणि त्याच्यामागे व्याही. टक्कल, गोल चेहरा, ओठांच्या कोपऱ्यात हसू. त्यांनी दारातच बूट काढले आणि माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "फार ऐकलंय तुमच्याबद्दल."

जेवण सुरू झालं. विहीणबाईंनी रस्सा चाखला. "छान झालाय हो. काय घातलंय यात?"

बायकोचा हात हवेतच थांबला. "असंच," ती म्हणाली. "हाताला येईल ते."

"मेहनत दिसतेय," व्याही म्हणाले. "किती मजले चढून... म्हणजे, किती पायऱ्या असतात स्वयंपाकात, नाही का?"

मला माणूस आवडला. मग विहीणबाईंनी मला विचारलं, "तुम्ही म्हणे फार कडक मास्तर होतात?" झालं. हा प्रश्न मला कोणी विचारू नये. मी मार्कांची सगळी पद्धत सांगितली. वाटी दाखवली. लेक टेबलाखालून माझा पाय दाबत होती, पण मला रंग चढला होता.

"आता मघाचंच बघा," मी म्हणालो. "एक जेवणवाला आला होता."

बायकोला जोराचा ठसका लागला.

"शेजाऱ्यांकडे," मी सावरून घेतलं. "चुकून आमची बेल वाजवली. मी त्याला साडेचार दिले."

"एवढे कमी?" व्याह्यांनी विचारलं. "बिचाऱ्याचं काय चुकलं?"

"उर्मट होता हो. मला टिप कशी द्यावी ते शिकवत होता. आणि बुटांच्या नाड्या, एक काळी, एक तपकिरी. ज्याला नाड्या धड बांधता येत नाहीत, त्याच्या हातचा रस्सा सांडणार नाही तर काय?"

मुलगा हसायला लागला. "आमच्या बाबांच्या नाड्याही..."

"भात वाढ रे जरा," व्याही म्हणाले.

मी सहज दाराकडे पाहिलं. दाराशी माझ्या काळ्या बुटांशेजारी पाहुण्यांचे बूट रांगेत होते. एक जोड काळा. एका बुटाला काळी नाडी. दुसऱ्याला तपकिरी. आणि स्टुलावर, त्यांनी येताना कधी ठेवलं ते मी पाहिलंच नव्हतं, लाल जॅकेट आणि काळ्या काचेचं हेल्मेट.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तशी माझी खुर्ची सरकल्यासारखी झाली. मी व्याह्यांकडे पाहिलं. ते शांतपणे भात कालवत होते. लेक माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत सकाळचं ते वचन दिसत होतं. मला मनापासून वाटलं, की देवा, मला काय शिक्षा करायची ती कर, पण या पोरीचं नको रे बिघडवू.

तेवढ्यात बेल वाजली. एकदाच वाजली.

दारात लाल जॅकेट घातलेल्या एक बाई उभ्या होत्या. "काका, हा गोडाचा डबा माझ्या पेटीतच राहिला होता. सॉरी हं. माझ्या स्कूटरचं स्टँड मोडलंय, ती भिंतीला टेकवल्याशिवाय सोडता येत नाही. मघाशी भिंतीलगत जागाच नव्हती, म्हणून तर त्या काकांनीच डबे वर आणून दिले." आणि आत डोकावून त्या एकदम खूश झाल्या. "अय्या, काका, तुम्ही इथेच का? टिप मिळाली हो, थँक्यू."

विहीणबाईंनी चमचा खाली ठेवला. आधी रश्शाकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग माझ्याकडे.

"म्हणजे हे जेवण बाहेरचं आहे?"

मी उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला दुसऱ्याचे मार्क सुचेनात.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "हिनं सकाळी उठून सगळं केलं होतं, ते मी जाळलं. खोटं बोलायला आम्हाला लाजही वाटली आणि भीतीही. तुम्ही मला शून्य द्या. पण ते पोरीच्या पेपरावर लिहू नका."

मग दारातून त्या बाईंचाच आवाज आला.

"आणि ताई, तुम्ही पण इथे? केक नीट पोचला ना सकाळी? वरची क्रीम पेटीत जरा घासली होती, म्हणून म्हटलं."

विहीणबाई केकाकडे बघत राहिल्या. हळूहळू त्यांचे कान लाल झाले.

"माझा फुगलाच नाही हो," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "दोनदा केला. दोन्हीदा बसला."

पहिल्यांदा बायको हसली. मग विहीणबाई. मग दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून इतक्या हसल्या, की त्यांचं लग्न ठरल्यासारखं वाटलं. लेकीनं डोळे पुसले आणि त्या होणाऱ्या जावयाच्या पाठीत एक धपाटा घातला, का ते तिलाच ठाऊक. मी अख्खी वाटी उचलली आणि बाईंच्या पिशवीत रिकामी केली.

"अहो काका, किती हे. कशाकशाचे मार्क?"

"कापलेले परत केले," मी म्हणालो.

"शेजाऱ्यांचेही?" व्याह्यांनी आतून विचारलं.

निघायच्या वेळी माझा जीव अगदी पाणी पाणी झाला होता. काय करू नि काय नको असं झालं होतं. मी वाकून व्याह्यांचे बूट त्यांच्या पायांशी सरळ लावून ठेवले. ते नको नको म्हणत होते, पण मी ऐकलं नाही. जॅकेट आणि हेल्मेट हातात दिलं, दारापर्यंत पोचवलं, स्कूटर कोपऱ्यावरून वळेपर्यंत गॅलरीतून हात हलवला.

आत आलो तर फोन वाजत होता.

"मास्तर," व्याही म्हणाले, "तुम्ही माझ्या पायाशी एक बूट माझा ठेवलात आणि एक तुमचा. सिग्नलला खाली पाहिलं तेव्हा कळलं. चुकून का होईना, दोन्ही नाड्या आता काळ्या आहेत. मी उलटा फिरतो आणि तुमचा बूट आणून देतो. चार मजले आहेत, लिफ्ट बंद आहे. टिप किती द्याल?"

मी वाटीत हात घातला. वाटी रिकामी होती.