मोऱ्या, मरशीन ना रे!

आमच्या शेजारचे मोरेश्वरभाऊ दाढ काढायला गेले, तेव्हा त्यांनी तोंडाच्या आधी मोबाईल उघडला. जबड्यात चिमटा, तरी "राम राम मंडळी" चालूच. साकोलीत त्यांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. पण पंप घेऊन जाणाऱ्याला आधी कॅमेऱ्यासमोर उभं राहावं लागतं. "लपवाचं काय हाय? जे हाय ते मंडळीले दाखवाचं," हे भाऊंचं तत्त्वज्ञान.

कॅमेरा धरायचं काम कुसुमवहिनींचं. या माउलीनं लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. "अजी, आयकता का" एवढ्यावर संसार झाला, दोन लेकी सासरी गेल्या.

पावसाळा सरल्यावर भाऊंनी तलावाच्या पाळीवर स्कूटर चालवत व्हिडिओ काढायला घेतला. विषय, गाडी जपून चालवा. एक हात हँडलवर, एक हात मंडळींकडे, नजर कॅमेऱ्यात. "घाई करू नका" म्हणता म्हणता भाऊ स्कूटरसकट पाण्यात! पाळीवर फोन धरून उभ्या वहिनी किंचाळल्या, "अरे मोऱ्या, मरशीन ना रे!"

भाऊ वाचले आणि कपडे वाळायच्या आत किंकाळीपर्यंतचा तुकडा नेटवर टाकून मोकळे झाले.

"भाऊ, काहून टाकता?" मी म्हटलं.

"अपघात माहा, व्हिडिओ माहा. लोकं शिकतीन."

लोक शिकले. हेल्मेट नव्हतं म्हणून चलान आलं. पुरावा भाऊंनीच पुरवला होता. कोण्या दीडशहाण्यानं वहिनींच्या किंकाळीला ढोल लावला, ती वरातीत वाजू लागली. थोरल्या लेकीच्या सासूनं फोन करून विचारलं, "विहीणबाई, घरी असंच बोलता का?" वहिनींनी भजनाला जाणं सोडलं आणि भाऊंशी बोलणंही. ताट समोर ठेवायच्या, आत निघून जायच्या.

भाऊंनी व्हिडिओ काढून टाकला. काय उपयोग? पाळ फुटल्यावर पाणी कोणाकोणाच्या धानात गेलं ते विचारत फिरता येत नाही.

परवा संध्याकाळी ओसरीवर त्यांनी मला मूळ, अख्खा व्हिडिओ दाखवला. किंकाळीनंतर फोन पाळीवर पडतो. नुसतं आभाळ दिसतं. मग धप्पकन उडीचा आवाज. "अजी, हात द्या ना जी... माहा हात धरा ना..." आणि हुंदके. पाणी छातीएवढंच निघालं, पण उडी मारताना ते वहिनींना कुठं माहीत होतं? त्यांना पोहता येत नाही.

मला भरून आलं. "भाऊ, हेच टाका ना! लोकायची तोंडं बंद होतीन."

"नाई," भाऊ म्हणाले. "हे मंडळीचं नाई. हे माहं हाय."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

तेवढ्यात रस्त्यावरून जाणारा एक ऑटोवाला हसत ओरडला, "मोऱ्या, मरशीन ना रे!"

वहिनी झाडू घेऊनच बाहेर आल्या. "ए! त्याहीले मोऱ्या म्हणाचा हक्क माहा हाय, तुह्या बापाचा नाई!" मग भाऊंकडे वळून म्हणाल्या, "आन् तुमी काय बसून राहिले जी? चहा थंडा होऊन राहिला ना."

भाऊंनी फोन बंद केला, खिशात टाकला आणि मुकाट्यानं आत गेले.

मला चहाचं कोणी विचारलं नाही.