विहिरीवरची पिवळी पूड

आरोग्य निरीक्षक मायाप्पाच्या घरी उद्या लेकीचं लग्न होतं आणि गल्लीच्या विहिरीला आज त्यानं स्वतःच टाळं ठोकलं होतं.

त्याचं असं झालं. एकाहत्तरचं युद्ध पेटलेलं. शत्रू पाण्यात रोगाचे जंतू कालवणार अशी आवई उठली आणि आरोग्याधिकारी डॉक्टर शिवयोगींनी धोका जोखायला पेठापेठांत माणसं धाडली. "पाण्यापाशी पूड दिसली की विहीर बंद! हात लावायचा नाही, वास घ्यायचा नाही. ज्याचा हात लागला त्याला आठ दिवस कोंडायचं, मग तो कुणी का असेना!"

मायाप्पानं भवानी पेठेत आपल्याच गल्लीपासून सुरुवात केली, तर विहिरीच्या काठावर पिवळीधमक पूड! वास घेतला असता तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं, पण हुकूम म्हणजे हुकूम. नाकाला रुमाल बांधून त्यानं रहाटाला साखळी घातली, किल्ली साहेबांकडे पोचवली आणि छाती फुगवून घरी आला.

बायकोनं, केराबाईनं, कपाळाला हात लावला. "अवो, त्यो भंडारा व्हता! लगनाआदी बिरोबाच्या नावानं पाण्याला वाह्यचा न्हाय व्हय? पोरीच्याच हातनं उधळला की!"

मायाप्पाच्या तोंडचं पाणी पळालं. जन्मभर भंडारा कपाळी लावलेला माणूस, आणि त्यालाच ओळखू आला नाही! आता खरं सांगावं तर नवरी कोंडली जाणार, न सांगावं तर करकंबचं वऱ्हाड तहानलेलं परत फिरणार. शेवटी मन घट्ट करून त्यानं साहेबांना सांगितलं.

"भंडारा कशावरून? पूड तपासणीला पुण्याला जाईल. तोवर मुलगी कोंडायची," म्हणत डॉक्टर दोन शिपाई घेऊन स्वतःच निघाले.

ते उंबऱ्यात पाय ठेवतात न ठेवतात तोच केराबाई पुढं झाली. "सायेब पयल्यांदाच दारात आले!" म्हणत तिनं रीतीप्रमाणं त्यांच्या कपाळावर बचकभर भंडारा फासला.

शिपाई झटकन मागं सरले. एकानं अदबीनं विचारलं, "साहेब, आपली पण सोय करायची का? आठ दिसांची?"

"पाणी आणा आधी! धुतो हे!" डॉक्टर ओरडले.

"पाणी हिरीत हाय की, सायेब," केराबाई म्हणाली. "आन् किल्ली तुमच्या खिशात."

डॉक्टरांनी कपाळावरून बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं. "हळद आहे. भवानी पेठेला काडीचाही धोका नाही."

"आन् पुण्याची तपासणी, सायेब?" मायाप्पानं भीत भीत विचारलं.

"झाली की!" म्हणत डॉक्टरांनी खिशातून किल्ली काढली.