वत्सला सिस्टरांचं पिवळं घड्याळ

आमच्या बोरीत मला नावानं हाक मारणारी माणसं पुष्कळ आहेत, पण वत्सला सिस्टर त्यांत नाहीत. भर बाजारात भाजीच्या ढिगाआडून त्या ओरडतात, "ए सहा चाळीस! ती मेथी घेऊ नको, आळ्या हायत तिच्यात!"

सहा चाळीस म्हणजे मी. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी जन्मलो, आणि तो सिस्टरांच्या हातांत. बोरीत आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवर त्यांनी जन्मभर बाळंतपणं केली. नावं त्या विसरतात, वेळ विसरत नाहीत. माझा धाकटा भाऊ सव्वाबारा. किराणा दुकानदार दोन पाच. एकदा निवडणुकीच्या सभेत गावातला एक पुढारी चांगलाच रंगात आला होता. सिस्टर मागून शेजारणीला सहज म्हणाल्या, "पावणेचार. पायाळू. तवापण उलटाच आलता." आवाज जरा मोठा लागला. पुढाऱ्याला भाषण आवरतं घ्यावं लागलं.

सिस्टरांच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे आणि पत्रिकेवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. तरी लग्न जमवणारे जन्मवेळ विचारायला त्यांच्याकडंच येतात. त्या आधी त्यांना अर्धा तास झाडतात, मग मिनिटासकट वेळ सांगतात. एकजण म्हणाला, "सिस्टर, दहा मिनिटं पुढं लिहून द्या की. पत्रिका जुळायलीय."

"पोरगी झाली तवा झाली," सिस्टर म्हणाल्या. "आता दहा मिनिटांसाठी परत आत ढकलू का तिला?"

अशा बाईचं घड्याळ बंद पडलं, तेव्हा गावावर संकट आल्यासारखंच झालं. स्टीलचं, ताणता येणाऱ्या चेनचं ते घड्याळ नोकरीभर त्यांच्या हातात होतं. दुरुस्तीवाल्यानं ते उघडलं, पाहिलं आणि हात जोडले. मी शेजारीच राहतो, शिवाय सहा चाळीस. त्यामुळं नवं घड्याळ आणायला सोबत कोण जाणार, हे न विचारताच ठरलं.

पहिल्यांदा जिंतूरला गेलो. दुकानदारानं कौतुकानं बायकांची घड्याळं मांडली. एकेकाची तबकडी मसुरीच्या डाळीएवढी.

"हे मुंगीसाठी हाय का?" सिस्टरांनी विचारलं. "ते वरचं दाखवा. मोठं."

"बाई, ते जेन्ट्स आहे."

"मनगट बाईचं असो का बाप्याचं, नाडी एकाच जागी लागते. काढा खाली."

खाली काढलेलं घड्याळ त्यांना पसंत पडलं नाही. त्यात तारीख होती. "तारखेला कॅलेंडर हाय घरी." दुसऱ्यात सेकंदकाटा होता. तिसरं गुलाबी सोन्याचं. "हे तांबं हाय का सोनं, ते आधी तुमी ठरवा." मग निघता निघता त्यांनी दुकानदाराला त्याची जन्मवेळ विचारली. त्याला ती माहीत नव्हती. सिस्टरांनी इतक्या दयेनं त्याच्याकडं पाहिलं की तो बिचारा ओशाळला. "अन् धंदा घड्याळाचा करायलाय," त्या मला बाहेर आल्यावर म्हणाल्या.

दुसऱ्यांदा परभणी. या वेळी एसटीत बसल्याबसल्या त्यांनी माझ्याकडून अटी पाठ करून घेतल्या: सोन्याचं पाणी दिलेलं, पण पिवळंजर्द. पातळ, पदराखाली न टोचणारं. तबकडी पांढरी. तारीख नाही, सेकंद नाही. पट्टा चामड्याचाच, तोही तपकिरी.

"सेकंदकाटा का नको?" मी विचारलं.

"तुमी लोक जन्मल्यावर उशिरा रडायचे," त्या म्हणाल्या. "त्या काट्याकडं बघून बघून माझा जीव टांगणीला लागायचा. बस झालं आता."

परभणीच्या दुकानदारानं आधी मनगटावर बांधायचा एक काळा चौकोन काढून आणला. "आजी, हे घ्या. पावलं मोजतंय, झोप मोजतंय, नाडीसुद्धा मोजतंय."

नाडी हा शब्द ऐकताच सिस्टरांच्या चेहऱ्यावर घरात चोर शिरल्यासारखा भाव आला. त्यांनी तो चौकोन बांधून घेतला. आकडा आला अठ्ठ्याऐंशी. सिस्टरांनी दुसऱ्या हाताची तीन बोटं स्वतःच्याच नाडीवर ठेवली, भिंतीवरच्या घड्याळाकडं डोळे लावले, आणि सगळं दुकान मिनिटभर गप्प उभं राहिलं. एक गिऱ्हाईक तर श्वास रोखून होतं.

"शहात्तर," सिस्टर म्हणाल्या. "बारा ठोके ह्यानं कुठून आणले, ते विचारा त्याला."

त्यानंतर दुकानदार सरळ वागायला लागला. आतून एक जुनी पेटी काढून त्यानं एक घड्याळ मखमलीवर ठेवलं. पिवळं, पातळ, दोनच काटे, बारीक उभ्या रेघा आणि तपकिरी चामडी पट्टा. सिस्टरांनी पट्ट्याचा वास घेतला, घड्याळाची पाठ चोळून पाहिली, कानाला लावलं. मग स्वतःच बांधायला गेल्या. संधिवातानं त्यांची बोटं आखडलेली; बक्कल हातातून तीनदा सुटलं.

"आजी, ह्यालाच चेन लावून देतो की," दुकानदार म्हणाला. "एका हातानं बसेल, कुणाची गरज पडणार न्हाई."

"न्हाई. चामडंच," सिस्टर म्हणाल्या आणि हात माझ्यापुढं धरला.

मी बक्कल लावलं. हात तसाच पुढं धरून त्या बघत राहिल्या.

परतताना एसटीत त्यांनी खिडकीची जागा मला दिली, कारण गजाला घड्याळ घासलं असतं. झरी गाव मागं पडल्यावर त्या आपणहून बोलल्या, "ट्रेनिंगला असताना एक मोठ्या डॉक्टरीणबाई यायच्या. अस्संच घड्याळ होतं त्यांचं. मी एकदा म्हटलं, मलाबी घ्यायचंय. त्या म्हणाल्या, तुझ्या कामाचं न्हाई ते, चामडं भिजलं की कुजतं. खरंच होतं. दिवसातून पन्नासदा हात धुवायचे. माझा हात कवा वाळलाच न्हाई बघ." त्यांनी मनगट उलटं करून पाहिलं. "आता लय कोरडा असतो."

साहेब जाऊन सहा वर्षं झाली होती. साहेब म्हणजे त्यांचे यजमान, पोस्टातले. मुलगी लांब, बंगळुरूला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा घेत होतो, तर सिस्टर दारात. हातात घड्याळ. "बांध रं."

"काढलंच कशाला?" माझ्या बायकोनं विचारलं.

"रातीचा घाम लागतो चामड्याला."

मी बांधलं. त्या चहा प्यायल्या, आमच्या पोरीचे दात तपासले, बायकोच्या पोळीला नावं ठेवली आणि गेल्या. संध्याकाळी काढायला आल्या. तेव्हापासून रोज हाच नेम. कुठं जायचं नसलं तरी घड्याळ बांधायचंच.

महिनाभरानं मला परभणीला काम निघालं. त्याच दुकानात मला एक नव्या तऱ्हेचं बक्कल दिसलं. चामड्याच्या पट्ट्याला लावायचं, नुसतं दाबलं की बसतं. आपण केवढं शहाणपण केलं, अशा आनंदात मी ते घेऊन आलो. सकाळी सिस्टर आल्या तेव्हा त्यांच्यापुढं ठेवलं. "आता तुमचं तुम्हाला बांधता येईल. रोज इकडं यायचा त्रास नाही."

सिस्टरांनी ते हातात घेतलं. दाबून पाहिलं. टक्‌ असा आवाज झाला. पुन्हा उघडलं.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं न बघता, "तुमाला सकाळची घाई असती. माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

चुलीपाशी बायकोनं डोळे मोठे केले. बावीस वर्षं ज्या शाळेत मी पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगतो, त्या शाळेची मला आठवण झाली आणि मी ती बाजूला सारली.

"पण सिस्टर," मी म्हणालो, "दुकानदार म्हणत होता, तुमच्या पट्ट्याला हे बसंल का न्हाई, शंकाच हाय. तुमचा पट्टा अरुंद. बसलं न्हाई तर परत आण म्हणाला." मी ते बक्कल उचलून पट्ट्याशी धरलं, जरा वाकडंच. "बघा. न्हाईच बसत."

सिस्टरांनी बक्कलाकडं पाहिलं, पट्ट्याकडं पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडं पाहिलं. मग पाटावर नीट बसल्या, पदर सावरला आणि हात पुढं केला.

"तिसरं भोक," त्या म्हणाल्या. "अन् सावकाश बांध."