मन्मथअप्पांची टपोरी काडतुसं

किशनराव पाटलांनी काडतूस रायफलीत घालून पाहिलं. जाईना. फिरवून घातलं, तरी जाईना. शेवटी त्यांनी ते वसरीवर ठेवलं आणि समोर बसलेल्या मन्मथअप्पांकडे असं पाहिलं, की अप्पांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं.

"अप्पा, हे काय आणलंत?"

"काडतुसं. तुमीच सांगितली व्हती."

"रायफलीची सांगितली व्हती! ही पिस्तुलाची हायत."

झालं होतं असं, की उमाजी धनगराच्या शेळ्यांवर लांडगा सोकावला होता. अधूनमधून येऊन एखादी उचलायचा. उमाजी आणि त्याची बायको केवळाबाई यांचं सगळं जगणं त्या शेळ्यांवर. गावात परवान्याची रायफल एकच, पाटलांची, आणि तिची काडतुसं संपलेली. त्यात पाटलांचा पाय मुरगळलेला. म्हणून किराण्याचा माल भरायला परभणीला निघालेल्या अप्पांच्या हाती परवाना देऊन पाटलांनी बजावलं होतं, बावीस नंबरची आणा.

"दुकानदारानं दोन्ही पुढ्यात ठेवली," अप्पा सांगू लागले. "तुमची ती बोरूवाणी बारीक अन् लांबट. शिशाचं टोक, तेबी उघडंनागडं. अन् ही बघा. आखूड, गोल, भरलेली, वरून तांब्याचा मुलामा! पाटील, आमी तीन पिढ्या तूर पारखायलोय. पोचट दाण्याशेजारी टपोरा दाणा दिसल्यावर हात कुणीकडं जाईल?"

"दुकानदार कायबी बोलला न्हाई?"

"बोलला की. 'अप्पा, ये पिस्तौल के हैं' म्हणला. मी म्हणलं, माल वजनदार हाय न्हवं? मग बांध."

उमाजी कोपऱ्यातून हळूच म्हणाला, "मालक, लोणी लावून बघावं का?"

"न्हाईतर जात्यावर जरा घासून," अप्पांनी भर घातली.

"अन् फुटलं म्हंजे? पाटलाचं तोंड राहील का जाग्यावर?" पाटील ओरडले. "आवो, रायफलीची नळी लांब. तिची गोळी अर्धं शिवार ओलांडती. पिस्तुलाची गोळी म्हंजे वसरीतल्या भांडणापुरती!"

पण आणलेला माल वाया जाऊ देणं अप्पांच्या रक्तात नव्हतं. तांदळात खडे निघाले तर ते खडे वेगळे काढून विकणारा माणूस. त्यांनी विचारलं, "मग पिस्तूल कुणापाशी हाय?"

पिस्तूल होतं पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांपाशी. काडतुसांवाचून ते कितीतरी दिवस उपाशी होतं. अप्पा स्वतः जाऊन साहेबांना आवतण देऊन आले. साहेब आले ते शिपाई, खानसामा, घोडा आणि हुक्का घेऊन.

"फिकर नक्को करो, पाटील. लांडगा समझो मर गया!"

संध्याकाळी ओढ्याकाठी एक शेळी बांधली. साहेब बाभळीखाली बाजेवर बसले. लांडगा आला. साहेबांनी बार काढला. आपल्याला कुणी हाक मारली की काय, म्हणून लांडग्यानं वळून पाहिलं आणि तो सावकाश निघून गेला. शेळी तेवढी आडवी झाली.

"हौ, ठीक है," साहेब म्हणाले, "गोश्त तो जाया नहीं होना."

गोश्त जाया झालं नाही. केवळाबाई डोळे पुसत पाट्यावर मसाला वाटत बसली. दुसऱ्या संध्याकाळी तेच, तिसऱ्या संध्याकाळी तेच. साहेबांचा नेम कधी वाया गेला म्हणून नाही, फक्त तो लांडग्याला लागत नव्हता. ज्या दिवशी लांडगा फिरकायचा नाही त्या दिवशीही एक शेळी कापावी लागे, कारण पिस्तूल धरायचं तर हातात ताकद पाहिजे. लांडग्यानं वर्षभरात खाल्लं नसेल तेवढं साहेबांच्या पंगतीनं आठवड्यात संपवलं.

केवळाबाई तडक अप्पांच्या दुकानावर गेली.

"अप्पा, तुमी लिंगाची पूजा केल्याबिगर घास घेत न्हाई. गुळावरची मुंगीसुदिक फुंकर मारून उडवता. अन् माझ्या शेळ्या मारायला गोळ्या आणून देता?"

अप्पांनी हातातला तराजू खाली ठेवला. तेवढ्यात साहेबांचा शिपाई आला. काडतुसं संपली होती, आणखी हवी होती.

अप्पांनी मुकाट्यानं गाडी जुंपली. परभणीहून परत आले आणि पाटलांच्या वसरीत साहेबांसमोर पुडकं सोडलं. आत सगळी बोरूवाणी बारीक काडतुसं! साहेबांनी ती पिस्तुलात भरली, तर आत ती खुळखुळ्यासारखी वाजू लागली. एक घरंगळून मातीत पडलं.

"ये क्या उठा लाए, अप्पा?"

"साहेब, आमी किराण्यावाले," अप्पा हात जोडून म्हणाले. "पयली टपोरी आणली तर पाटील रागावले. म्हणून ह्या खेपंला बारीक आणली. काडतुसातलं आमाला काय कळतंय?"

पाटील मिशी चावत आढ्याकडे बघत राहिले. साहेबांनी त्याच दिवशी बाडबिस्तरा आवरला. हुक्का आधी गेला, घोडा मागून.

पाटलांनी ती काडतुसं रायफलीत घातली. लोण्यात सुरी जावी तशी गेली. दिवस मावळताना लांडगा ओढ्याकाठी उभा राहिला, अगदी समोर. उमाजी आणि केवळाबाईबरोबर लंगडत आलेल्या पाटलांनी दस्ता खांद्याला लावला, एक डोळा मिटला. तोच केवळाबाईनं नळी धरली.

"आगं, सोड! नेमात आलाय!"

"नगं, पाटील. आवाज व्हईल."

"हिचा आवाज बारीक असतो."

"बारीक आसंल. पर ठाण्यात ऐकू गेला, तर साहेब इचारायला येतील, लांडगा मेला का म्हणून. अन् मेला म्हणलं की जेवण मागतील!"

पाटलांनी रायफल खाली घेतली. केवळाबाईनं पदर खोचला, दगड उचलला आणि लांडग्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ती ओढ्याकडे सुटली. लांडगा असा पळाला की पुन्हा त्या शिवारात कुणाला दिसला नाही. तिचा आवाज मात्र पलीकडच्या गावात ऐकू गेला म्हणतात.

उमाजी पाटलांच्या कानाशी लागला.

"मालक, ह्या आवाजाला परवाना लागत न्हाई न्हवं?"